विहीणबाईंची दुर्बीण

आमच्या टिरोलच्या खोऱ्यांत बाप्तिस्म्याला मुलीला जी हातात धरते, तिचंच नाव मुलीला लागतं. माझी भाची आफ्रा, तिच्या मुलीला मी धरायचं हे ती पोटात असतानाच ठरलेलं. पण आफ्राचं सासर पलीकडच्या खोऱ्यात, आणि बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी बर्फानं रस्ता बंद. चर्चची दुसरी घंटा होईपर्यंत मी पोचले नाही, तर मुलीला धरणार तिची आजी, म्हणजे आमच्या विहीणबाई ओटिली. ‘बुर्गी’ हे माझं नाव काही फार देखणं नाही, पण मला स्वतःचं मूल नाही, आणि मागे ठेवायला एवढंच आहे.

तेव्हा धाकटे दीर कास्सियान यांना घेऊन स्कीवरून खिंड ओलांडायचं ठरवलं. रात्रभर वारा होता. वाऱ्यानं रचलेला नवा थर, आणि त्याखाली साखरेसारखा भुसभुशीत जुना बर्फ. असा डोंगर वरून शहाणा दिसतो, पण पाऊल पडलं की अख्खा थर खाली सुटतो.

गावाबाहेर पडताना एकमेकांची यंत्रं तपासायची हा नियम. बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव हीच देतात. माझं वाजलं. भावजींचं मुकं. त्यांनी सगळे खिसे चाचपले आणि मग आभाळाकडे बघितलं. अग्निशमनवाले दर हिवाळ्यात सरावासाठी एक यंत्र हॅमला बांधून पुरतात. ज्याला सापडेल त्यानं हॅम खायचा. यंदा पुरायची पाळी भावजींची, यंत्र त्यांचंच, आणि शोध सुरू व्हायच्या आत कोणीतरी बिअर उघडली होती; यंत्र बर्फातच राहिलं.

“राहू दे, वहिनी. तुमचं आहे ना?”

“माझं मला सापडायला नकोय, भावजी. तुम्ही गाडले गेलात तर मी काय हाका मारत फिरू?”

मग बंबाच्या शेडमागे जाऊन माझ्या यंत्रानं त्यांचं शोधलं, फावड्यानं उकरलं. हॅमही पिशवीत घातला. या सगळ्यात ऊन वर आलं.

खिंडीवर पोचलो तोच खालून पहिली घंटा ऐकू आली. आफ्राच्या सासरचं गाव समोर दिसत होतं. तिथं जायला दोन वाटा. एक ‘थाळ्या’तून, म्हणजे उघड्या, खड्या उतारावरून, झटक्यात. दुसरी जंगलाच्या धारेनं, लांबलचक. थाळ्यात कोणाच्या तरी स्कीची अर्धी बुजलेली रेघ होती.

भावजी म्हणाले, कोणीतरी गेलंय की. मी म्हटलं, गेला तो वाऱ्याआधी गेला. तरी माझे पाय थाळ्याकडेच वळले होते, खोटं कशाला बोलू. दोन पावलं टाकली आणि पायाखाली बर्फाच्या पोटातून ‘धुम्म’ असा आवाज आला. माझ्या स्कीपासून एक बारीक भेग पुढे धावत गेली.

“नको,” मी म्हटलं.

आमच्याकडे ‘नको’ला कारण विचारत नाहीत. भावजींनी मुकाट्यानं स्की वळवल्या. मुकाट्यानं म्हणजे पहिल्या झाडापर्यंत. पुढे जंगलभर ते मला ‘ओटिलीबाई’ म्हणत राहिले. बाळाचं नाव आता तेच होणार, आत्तापासून सवय केलेली बरी, म्हणे. मी हसले, पण कान दुसऱ्या घंटेकडे होते.

ती वाजलीच नाही.

चर्चच्या दारात पाद्रीबुवा बाह्यांत हात घालून कुडकुडत उभे होते. शेजारी विहीणबाई. एका हातात बाळ, गळ्यात नवऱ्याची शिकारीची दुर्बीण, आणि घंटेचा दोर दुसऱ्या हाताच्या मनगटाला गुंडाळलेला. बिचारा घंटावाला त्यांच्यामागे हताश.

“खिंडीपासून बघतेय तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “थाळ्यातून उतरला असतात ना, तर तेव्हाच घंटा वाजवली असती. असल्या बाईच्या हातात मी पोर दिली नसती.”

मग दोर सोडवता सोडवता त्या हळूच म्हणाल्या, “माझा भाऊसुद्धा थाळ्यातूनच उतरला होता, घाईत.”

आणि त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं, ओल्या दुपट्यासकट. “बुर्गी,” असं म्हणून एक सुस्कारा टाकला. “काय पाप केलंय पोरीनं.”

जेवणाच्या वेळी भावजींनी हॅम काढला. नियमाप्रमाणे तो शोधणाऱ्याचा, आणि आज आम्हाला दुर्बिणीतून शोधलं ते विहीणबाईंनीच, म्हणून पहिली चकती त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी सावकाश चावून खाल्ली.

“खारट आहे,” म्हणाल्या, आणि दुसरी मागितली.