दीडची बस

विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकताच सासूबाईंनी अंगातला पहिला स्वेटर काढला, मग दुसरा, आणि तिसऱ्याची बटणं सोडता सोडता विचारलं, "शहर कुठंय?"

समोर गवताचं रान पसरलेलं होतं. एक पाण्याची टाकी होती आणि लांबवर कुणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं. सुनेनेही मान वळवून शहर शोधून पाहिलं. तिकिटावर त्याचं नाव ठळक छापलं होतं, मागच्या पाटीवर तर माणसाएवढ्या अक्षरांत होतं. फक्त शहर तेवढं नव्हतं.

"इथून नव्वद किलोमीटर," शेजारच्या बसच्या पायरीवर बसलेली चालक बाई म्हणाली. दिवसातून दहा वेळा हे सांगून तिचा आवाज अगदी सपाट झाला होता.

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," सासूबाई म्हणाल्या आणि तिन्ही स्वेटर सुनेच्या हातात दिले. तिन्ही सुनेचेच होते. स्वस्तातल्या विमानात माणशी सात किलोच्या वर सामान चालत नाही, पण माणसाने अंगात किती घालावं याला अजून नियम नाही, हे सासूबाईंनी तिकीट काढतानाच हेरलं होतं. त्यासाठी विमानात तासभर घामाघूम होऊन बसायची त्यांची तयारी होती.

विमान पन्नास मिनिटं उशिरा उतरलं होतं. सव्वादहा वाजत आले होते. साडेबाराला शहरातल्या विवाह नोंदणी कचेरीत सुनेचं लग्न होतं. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर नंबर जायचा, आणि पुढची तारीख दीड महिन्यानंतरची.

सुनेचं लग्न, आणि तिला घेऊन निघाल्या होत्या सासूबाई. हे ज्याला सांगावं तो एकदा ऐकून पुन्हा विचारायचा. नऊ वर्षांपूर्वी मुलगा गेला, तेव्हापासून दोघी दोन खोल्यांत राहत होत्या. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, सासूबाई घर बघायच्या, आणि भांडण झालं तर ते रात्रीच्या जेवणाआधी मिटवायचं असा ठराव होता. ठराव मोडायची वेळ दोनदाच आली होती.

"बस कधी सुटते?" सुनेने विचारलं.

"साडेदहाला. रस्ता मोकळा असला तर बारा-दहाला चौकात. मध्ये दहा मिनिटांचा थांबा आहे."

"कचेरी चौकातच ना?"

"चौकासमोरच."

"आणि परत यायची बस?" हे सासूबाईंनी विचारलं.

"दीडला, त्याच चौकातून. संध्याकाळचं विमान गाठायचं तर तीच. पुढची पोचेपर्यंत विमान ढगात असतं."

सुनेला हसू आलं. सासूबाई कुठेही गेल्या की आत शिरायच्या आधी बाहेर पडायची वाट विचारायच्या. गेल्या वर्षी लिफ्टमध्ये अडकल्या तेव्हापासूनची ही सवय. आणि खरं सांगायचं तर आजचं हे लग्न त्या लिफ्टमध्येच जमलं होतं.

इमारतीची जुनी लिफ्ट बदलायला या शहरातून एक कारागीर आला होता, तीन आठवड्यांसाठी. काम चालू असताना लिफ्ट वापरू नका असं त्याने पाटीवर लिहून ठेवलं होतं, म्हणून सासूबाई ती वापरायला गेल्या आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या. त्याने बाहेरून दाराला तोंड लावून विचारलं, "मावशी, घाबरला नाहीत ना?" त्या म्हणाल्या, "किती वेळ लागेल ते सांग." तो म्हणाला, "चाळीस मिनिटं." आणि बरोबर चाळीस मिनिटांनी दार उघडलं. तेवढ्या वेळात त्यांनी दारामागून त्याचं वय, पगार, व्यसनं आणि बायको का सोडून गेली हे सगळं काढून घेतलं.

"आजवर जो भेटला तो पाच मिनिटं म्हणाला," त्या रात्री त्या सुनेला म्हणाल्या होत्या. "डॉक्टर पाच मिनिटं, नळवाला पाच मिनिटं, तुझा नवराही पाच मिनिटं म्हणायचा आणि दोन तासांनी उगवायचा. हा पहिला माणूस मला तोंडावर चाळीस म्हणाला. उद्या त्याला चहाला बोलावते."

घरात तेव्हापासून त्याला लिफ्टवाला हेच नाव पडलं.

बस सुटली तेव्हा अर्धी भरली होती. सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. वीस मिनिटांत अख्ख्या बसला लग्नाची बातमी होती. पुढच्या बाकावरच्या दोन बहिणींनी नवरीला मागे वळून नीट पाहून घेतलं आणि केस मोकळे ठेव असं सुचवलं. एका माणसाने स्वतःचं घड्याळ काढून वेळ सांगायचं काम आपणहून अंगावर घेतलं. सून शेहेचाळीस वर्षांची होती. इतक्या अनोळखी माणसांनी आपल्यासाठी एकाच वेळी काळजी करावी याची तिला लाज वाटत होती आणि मजाही वाटत होती. खिडकीतून रान, गोदामं, मग पहिली घरं मागे पळत होती.

अकरा वीसला रेल्वे फाटक लागलं आणि बस उभी राहिली. लांबलचक मालगाडी होती. बसमधली सगळी माणसं डबे मोजू लागली. बासष्टाव्या डब्यानंतर फाटक उघडलं तेव्हा घड्याळवाला म्हणाला, "चोवीस मिनिटं गेली."

"आता तो दहा मिनिटांचा थांबा गाळा," एक बहीण म्हणाली.

"गाळता येत नाही," चालक बाई म्हणाली. "लोकांना उतरायचं असतं."

"कुणाला उतरायचंय?" सासूबाईंनी उभं राहून विचारलं.

कुणी हात वर केला नाही. फक्त शेवटच्या बाकावरच्या म्हातारबुवांनी केला, सगळ्या बसने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी तो खाली घेतला.

"धरतो मी," ते म्हणाले. "लग्न काही रोज होत नाही."

चालक बाईने आरशातून सगळ्यांकडे एकवार पाहिलं. मग थांब्याच्या पेट्रोल पंपावरून बस तशीच पुढे काढली. बसमध्ये टाळ्या वाजल्या.

सासूबाई आता पुढे जाऊन दांडा धरून चालकाशेजारीच उभ्या राहिल्या होत्या आणि कुठली गाडी ओलांडता येईल हे तिला सांगत होत्या. त्या भरातच त्यांनी मागे वळून हाक दिली, "अगं, तो दाखला वरच आहे ना बघ. माझ्या पिशवीत. तिथं गेल्यावर शोधाशोध नको."

आपल्या तपकिरी पिशवीला सासूबाईंनी गेले दोन दिवस कुणाला हात लावू दिला नव्हता. माझं मी भरणार, म्हणाल्या होत्या. लग्नानंतर तुमच्याकडे आठ दिवस राहीन, मग बघू, असंही म्हणाल्या होत्या. त्या 'मग बघू'वर सुनेने बरंच काही मनात बांधलं होतं. लिफ्टवाल्याने तर त्यांच्यासाठी खिडकीकडची खोली रंगवून घेतली होती.

सुनेने चेन उघडली. दाखला वरच होता, प्लास्टिकच्या पाकिटात. नवऱ्याच्या मृत्यूचा, कचेरीत दाखवावा लागणारा. त्याच्याखाली तिची निळी गोधडी होती. ती वजनात बसत नाही म्हणून तिने घरीच सोडली होती. गोधडीखाली तिचा छोटा कुकर, तिचे थंडीतले बूट, दुकानातल्या मैत्रिणींबरोबरचा फोटो. तिने पार तळापर्यंत हात घातला. सासूबाईंचं असं त्या पिशवीत काही नव्हतं. झोपायचा गाऊन नाही, कंगवा नाही, चष्म्याची डबी नाही. बाजूच्या कप्प्यात त्यांचा औषधांचा डबा असायला हवा होता. तिथे कागदाची एक पुडी होती. सासूबाईंना दिवसाला तीन गोळ्या लागायच्या. पुडीत एकच होती, दुपारची.

"आहे ना?" पुढून आवाज आला.

"आहे," सून म्हणाली. तिने पुडी आपल्या पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली.

बाहेर आता उंच इमारती लागल्या होत्या. बहिणी तिला काहीतरी दाखवत होत्या, नदी असावी. तिने मान हलवली. दीडची बस, असं ती मनात म्हणाली, आणि तिला रडू येईलसं वाटलं. पण लग्नाला निघालेल्या बाईचे डोळे सगळी बस बघत असते, म्हणून तिने केस मोकळे करायला घेतले.

बस चौकात थांबली तेव्हा बारा पंचवीस झाले होते. म्हातारबुवा सगळ्यांच्या आधी उतरून समोरच्या हॉटेलात पळाले. चालक बाईने पिशव्या खाली दिल्या आणि पहिल्यांदाच हसून म्हणाली, "पळा."

दोघी पळाल्या. बहात्तर वर्षांच्या सासूबाई पुढे आणि सून मागे. कचेरीच्या पायऱ्यांवर लिफ्टवाला इस्त्रीच्या शर्टात उभा होता. हात घासून घासून लाल केले होते, तरी नखांच्या कडेला वंगणाची रेघ राहिलीच होती. सुनेला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. तिच्या हातातले स्वेटर घेऊन तो तसाच उभा राहिला. बरोबर त्याची बहीण आणि मेहुणे होते, साक्षीदार म्हणून. तिसऱ्या साक्षीदार सासूबाई.

"मावशी, तुमची खाट भिंतीला लावलीय," तो आत जाता जाता म्हणाला. "तुम्ही उजव्या कुशीवर झोपता ना, म्हणजे खिडकी समोर येईल."

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

नंबर पुकारायला एक वाजत आला. टेबलामागच्या बाईंनी कागद पुढे ओढले. दाखला सासूबाईंनी स्वतःच काढून दिला.

"हे कोण?" बाईंनी नावावर बोट ठेवून विचारलं.

"माझा मुलगा."

बाईंनी मान वर केली. मग सुनेकडे बघितलं, मग पुन्हा सासूबाईंकडे. त्यांनी खुर्ची दिली, पण सासूबाई बसल्या नाहीत.

"आधी वर, मग वधू, मग साक्षीदार," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाच्या चार सह्या."

लिफ्टवाल्याने चार सह्या केल्या, रेषेवर बरोबर बसवून. पेन सुनेकडे आलं. घड्याळात एक वाजून आठ मिनिटं झाली होती. तिने पेनाचं टोपण काढलं, पर्स उघडली, त्यातली पुडी लिफ्टवाल्याच्या हातावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "आईंची गोळी. जेवल्यावर द्यायची. एकच आणलीय त्यांनी."

मग तिने पहिला कागद जवळ घेतला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली.

लिफ्टवाल्याने पुडी उघडून पाहिली. टेबलाशेजारी ठेवलेल्या तपकिरी पिशवीकडे पाहिलं. तिच्या अर्ध्या उघड्या चेनमधून गोधडीचा निळा कोपरा बाहेर आला होता. पुडीची घडी होती तशी घालून त्याने ती खिशात ठेवली.

"अगं, सही कर," सासूबाई म्हणाल्या. "काय परीक्षेचा पेपर आहे?"

"वाचल्याशिवाय कशी करू, आई. अक्षर बारीक आहे."

"जन्मभर चष्म्याच्या दुकानात काम केलंस तू."

"म्हणूनच सांगते, बारीक आहे."

तिने पान उलटलं. मागे काही छापलेलं नव्हतं, तरी तिने ते नीट पाहिलं. टेबलामागच्या बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सुनेचे डोळे पाहिले आणि शिक्का पुसायला घेतला. सव्वा वाजला. सासूबाईंनी खांद्यावर नुसती आपली पर्स अडकवली. सुनेने पहिल्यावर सही करून दुसरा कागद घेतला. तिचे डोळे ओळीवरून हलत नव्हते.

सासूबाई लिफ्टवाल्याकडे वळल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

"मला एका कामाला जायचंय," त्या म्हणाल्या. "खरं सांग, अजून किती वेळ लागेल?"

लिफ्टवाल्याने घड्याळाकडे बघितलं. सुनेकडे बघितलं. अजून तीन कागदांवर तिची सही बाकी होती आणि ती दुसरा कागद पहिल्याशी पुन्हा ताडून बघत होती. त्याने कोपऱ्यातली खुर्ची उचलून सासूबाईंच्या मागे आणून ठेवली.

"पाच मिनिटं, मावशी," तो म्हणाला.

सासूबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्याने नजर हलवली नाही, पण त्याचे कान लाल झाले. बऱ्याच वेळाने त्यांनी खांद्यावरची पर्स काढून मांडीवर घेतली आणि खुर्चीत बसल्या.