टोपलीखालचा डाग

कोरीटच्या चावडीत दगा हवालदाराने कोंबडीचं रक्त शिंपडलं, तसे गावोगावचे पोलीस पाटील धोतरं सावरत मागे सरले.

हवालदार नाशकाच्या पोलीस शाळेत शिकून आल्यापासून गोऱ्या साहेबाने पुरावा कसा जपायचा ते पाटलांना दाखवायचं काम त्याच्या गळ्यात मारलं होतं. गावात खून झाला की बाया आधी जमीन सारवून मोकळ्या होत, आणि फौजदार येईतो पुरावा शेणाखाली गडप. म्हणून हवालदार सांगे, डागावर टोपली पालथी घाला. माती खुरप्याने अलगद उचला, सावलीत वाळवा, कागदात बांधा, लाखेची मोहोर करा, मुंबईला सरकारी रसायनशाळेत धाडा.

कोरीटच्या सुपडू पाटलाने विचारलं, "हवालदारसाहेब, तठला लोके रगत कोनं शे ते सांगतस का?"

"नही भाऊ. मानुसनं का जनावरनं, इतलंच सांगतस."

पाटील हसले. हवालदार हसला नाही.

संध्याकाळी तो नंदुरबारला घरी आला. जात्याशेजारी टोपली पालथीच होती. तो सारंगखेड्याला घोडेबाजाराच्या बंदोबस्तात असताना त्याची बायको पार्वतीबाई घागर घेऊन उंबऱ्यात घसरली आणि जात्यावर डोकं आपटून गेली. तो धावत आला तेव्हा बाया शेण कालवत होत्या. आणि या शहाण्याने हुकूम सोडला, कुणी हात लावायचा नाही! अंगवळणी पडलेलं तोंडातून गेलं, दुसरं काय. संशय कुणाचाच नव्हता. पण मग टोपली काही उचलवेना. जमीन सारवली नाही म्हणून घराचा विटाळ फिटला नाही. त्याच्या हातचं पाणी कुणी घेईना, दारात कुणी टेकेना. फार एकटा पडला होता बिचारा.

शेजारची शांतीबाई शेणाची पाटी घेऊन दाराबाहेरच उभी राहिली. "बाईले सुटू द्या, भाऊ. आते तरी सारवू द्या."

तो जात्यापाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, "थांब बहीन. मी उचली लेस."

त्याने टोपली सारली. पाटलांना दाखवली तशीच, कडा न मोडता माती उचलली. केव्हाच वाळली होती ती. कागदात बांधली, लाख तापवून मोहोर केली. रक्त कुणाचं, तेही वर लिहायचं असतं. जन्मात बायकोचं नाव त्याने चारचौघांत घेतलं नव्हतं. आज टाक शाईत बुडवून 'पार्वती' लिहिलं. धाडायचं कुठे, ती जागा कोरी ठेवली आणि पुडकं तिच्या लुगड्यांखाली ट्रंकेत सारलं.

शांतीबाई सारवून गेली. ओल्या जमिनीवर पाय उमटू नयेत म्हणून तो उंबऱ्यातच बसून राहिला.