बेर्मेहोच्या गिटारीला दोन खाचा

भावानं पार माद्रिदहून जाणकार माणूस बोलावला, म्हणजे आता गिटार जाणार, यात कासिल्दाला तिळमात्र शंका उरली नव्हती.

बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. म्हातारा लिबोरियो जन्मभर अल्मेरियाच्या बंदरावर जाळी विणत आला आणि संध्याकाळी गिटार वाजवत आला. मागे काय ठेवलं, तर चढावरचं हे दोन खोल्यांचं पांढरं घर आणि एक गिटार. घर भाड्याचं, त्यामुळे वाटणीला राहिली एकटी गिटार. कासिल्दा त्याच गिटारीवर गल्लीतल्या पोरांना शिकवायची, शनिवारी क्लबात गाणाऱ्यांना साथ करायची. साठी गाठली तरी दुसऱ्या गिटारीवर तिचा हात बसला नव्हता.

आणि वहिनीनं टीव्हीवर बघितलं! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोण्या बेर्मेहो नावाच्या कारागिराची गिटार लिलावात नव्वद हजार युरोंना गेली. बाबांच्या गिटारीच्या पोटात हेच नाव चिकटवलेलं. झालं! बार्सिलोनाहून नूरियावहिनीचे फोन सुरू झाले. पोराला घर घ्यायचंय, अर्धी आमची, अर्धी तुझी. आता अर्धे पैसे कासिल्दानं आणायचे कुठून? आणि भाऊ? एवारिस्तो फोनवर फक्त एवढंच म्हणाला, "जाणकार बोलावतो. लेखी होऊन जाऊ दे." मेल्याला दुसरं वाक्यच सुचत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी कासिल्दा स्वयंपाकघरातली सुरी घेऊन गिटारीसमोर उभी राहिली. एक चांगला लांब ओरखडा ओढला, की किंमत उतरेल. पण हात काही पुढे जाईना. शेवटी त्या सुरीनं तिनं टोमॅटो चिरले.

अकरा वाजता एलादिओसाहेब आले. बारीक माणूस, हातात बारकीशी बत्ती आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा. नूरिया खुर्चीच्या टोकावर बसली. एवारिस्तो भिंतीला टेकून खाली बघत उभा राहिला. साहेबांनी गिटारीच्या भोकातून आत डोकावलं.

"बेर्मेहोच," ते म्हणाले. "अठराशे एकोणनव्वद. अस्सल आहे."

नूरियानं हात छातीशी नेला. कासिल्दानं हातातलं फडकं घट्ट पिळलं.

साहेबांनी गिटार उलटी केली आणि चक्क वास घेतला. "हे काय फासलंय मागच्या फळीला?"

"होडीचं वार्निश," कासिल्दा म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यालाच लावतात. पाणी लागत नाही."

साहेबांनी क्षणभर डोळे मिटले. मग गिटारीच्या डोक्यावर बोट ठेवलं. "इथे लाकडी खुंट्या होत्या, व्हायोलिनला असतात तशा. कुणीतरी करवतीनं आरपार दोन खाचा पाडल्या आणि लोखंडी चाव्या बसवल्या."

"बाबांनीच बसवल्या. सूर टिकतो हो त्यानं!" कासिल्दाला राग आला. बाबांना नावं ठेवलेली ती खपवून घेत नसे.

"सूर टिकतो बाई, किंमत नाही टिकत. संग्राहकाला वस्तू कारागिराच्या हातून निघाली तशी हवी असते. झीज चालते, भेग चालते. हे नाही चालत."

कासिल्दाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अहो साहेब, मग हे पण बघा ना! कडा बाबांनी काचेनं खरवडल्यात. आणि इथे, मानेखाली, मोठा स्क्रू मारलाय, हा बघा!"

"तू गप्प बस ना जरा," नूरिया म्हणाली.

"अगं, विचारतायत म्हणून सांगतेय."

साहेबांनी आकडा सांगितला. दोन हजार, तेही गिऱ्हाईक भेटलं तर.

"सगळी मिळून?" नूरियाचा आवाज चिरकला. "एवढ्यात पोराच्या घराचा दरवाजासुद्धा यायचा नाही!"

"नवल एका गोष्टीचं वाटतं," साहेब कागदावर सही करता करता म्हणाले. "आवाज असतो वरच्या फळीत, आणि तिला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही. वार्निशचा एक थेंब नाही. ज्यानं ही कत्तल केली, त्याला कुठे थांबायचं ते बरोबर कळत होतं."

साहेब गेले आणि कासिल्दाचा जीव भांड्यात पडला. तिला एकदम कडकडून भूक लागली. नूरियाचंही खरं म्हणजे मन वाईट नव्हतं. सुस्कारा सोडून ती म्हणाली, "ठेव बाई तुलाच. हजारासाठी काय भांडायचं?" आणि पोराला फोन करायला बाहेर चढावर गेली, घरात रेंज येत नसे.

"झालं समाधान?" कासिल्दा भावावर उसळली. "माद्रिदहून माणूस आणलास! हात दाखवून अवलक्षण!"

एवारिस्तो तोंड दाबून हसत होता. खांदे गदगदा हलत होते.

"कासी, मला हे अठ्ठेचाळीस वर्षं ठाऊक आहे. तो जर्मन आठवतो का तुला?"

आठवत होता. ती तेव्हा बारा वर्षांची होती. गिटार बघून त्यानं एवढे पैसे देऊ केले होते, की आईनं न्हाणीघर असलेलं नवं घरसुद्धा बघून ठेवलं होतं. इथे तेव्हा अंगणात बादलीनं अंघोळ करावी लागे. पंधरा दिवसांनी जर्मन पुन्हा आला, गिटार बघितली आणि कॉफीसुद्धा न घेता निघून गेला. का, ते कुणालाच कळलं नाही.

"तू आणि आई निहार गावी मावशीकडे गेला होतात. मी नुकताच लष्करातून सुटून आलेलो. बाबांनी करवत काढली. म्हणाले, हिला आता अशी करू, की विकत कुणी मागणार नाही आणि वाजवणारा सोडणार नाही."

"मग मला सांगायचंस ना, मेल्या! सहा महिने डोळ्याला डोळा नाही माझ्या!"

"तुला? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. नूरियानं फोनवरच ओळखलं असतं. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसला नसता, तिला माद्रिदचा कागदच हवा होता."

कासिल्दानं हातातलं फडकं त्याच्या पाठीत हाणलं. एकदा, दोनदा. मग तिसऱ्यांदा हात उचलला आणि तशीच थांबली.

"आई किती रडली होती रे त्या घरासाठी."

एवारिस्तोचं हसू ओसरलं. "माहीत आहे. दुसरी खाच मी पाडली होती, कासी. बाबांचा हात थरथरायला लागला, म्हणून करवत मी घेतली. आईचं न्हाणीघर माझ्या हातानं गेलं. म्हणून तर बार्सिलोनाच्या कारखान्यात गेलो." त्यानं आतल्या निळ्या फरशीच्या न्हाणीघराकडे मान वळवली. "पहिल्या वर्षाचा सगळा पगार तिथे आहे."

भावाला घराची माया नाही म्हणून तो लांब निघून गेला, असंच कासिल्दा जन्मभर समजत आली होती, आणि शेजारणींनाही तेच सांगत आली होती. तिला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त बरं वाटलं. ती खुर्चीवर बसली, गिटार मांडीवर घेतली आणि तारा जुळवल्या.

"काय वाजवू?"

"काहीही वाजव," एवारिस्तो बाहीनं डोळे पुसत म्हणाला, "पण मोठ्यानं वाजव. नूरिया यायच्या आत मला जरा रडून घेऊ दे."