पाठमोरी नऊ मिनिटं

मित्रांनो, माझं वय अवघं सहा वर्षं, तरी तासगावच्या या बेदाण्याच्या शेडमध्ये मला 'जुनी पेटी' म्हणतात. झटक्याची पेटी. एखाद्याचं हृदय धडधडायचं सोडून नुसतं थरथरू लागलं, की उघड्या छातीवर माझ्या दोन पट्ट्या चिकटवायच्या. पुढचं मी बघते. मला बोलताही येतं, पण मोजकीच वाक्यं.

मी आले त्या दिवशी इथं शिकवणी झाली. शिकायला सगळे पुरुष. बेदाणा निवडणाऱ्या बायकांना मालक म्हणाले, तुम्ही चहाचं बघा.

दुसऱ्याच वर्षी हमाल अर्जुना खोकी उचलताना कोसळला. फौजेतून निवृत्त झालेले राखणदार उदयसिंह धावले, त्यांनी त्याचा सदरा टराटरा फाडला. तिसऱ्या मिनिटाला मी झटका दिला. महिन्याभरात अर्जुना आपल्या पायांनी कामावर आला. त्या खंडेनवमीला मला झेंडूचा हार पडला.

गेल्या मार्चमध्ये चांदबी निवडणीच्या टेबलाशी बसल्या जागी कोसळली.

पहिलं मिनिट. उदयसिंहांनी मला आणून उघडलं. मी बोलू लागले:

छातीवरचे कपडे काढा.

त्यांचा हात पुढं झाला. अर्जुनानं तो धरला. होय, त्याच अर्जुनानं.

"आवं सुभेदार, बाईमाणूस हाय. बायकास्नी बोलवा."

तिसरं. पुरुषांनी शेडनेटचा पडदा धरला आणि पाठी फिरवल्या. आत दोन बायका, चांदबी आणि मी. उदयसिंह पाठमोरे उभे राहून सांगत होते, छाती दाबा. कुठं, किती जोरात, हे त्या दोघींना कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

पाचवं. बनाबाईनं माझ्या पट्ट्या पोलक्यावरच चिकटवल्या.

पट्ट्या उघड्या छातीवर चिकटवा.

सहावं. तेच.

सातवं. तेच. मला दुसरं वाक्य येत नाही. शिवी तर येतच नाही.

आठवं. हरणाबाईला माझ्या पिशवीतली कात्री सापडली. "मरतीया ती. लाज मागनं झाकू," म्हणत तिनं पोलकं कापलं.

नववं. मी झटका दिला. हृदय चालू झालं.

छातीला चिकटलेली मीही सांगलीच्या दवाखान्यात गेले. चांदबी शुद्धीवर नव्हती. वाचण्याचा अंदाज काढायला डॉक्टर तक्ता भरू लागले. वय एक्केचाळीस. स्त्री. झटका किती मिनिटांनी दिला?

उदयसिंह खाली बघत म्हणाले, "तीन-चार असतील."

माझ्या पोटात नऊ नोंदलेलं होतं. मला कुणी विचारलं नाही.

चांदबीच्या लेकीनं, अर्फानं, विचारलं, "डॉक्टर, अम्मा वळखंल का मला?"

डॉक्टर म्हणाले, झटका वेळेवर मिळालाय, बरीच आशा आहे. त्या आशेवर अर्फा पाच दिवस अम्माच्या कानाशी बोलत राहिली. सहाव्या दिवशी अम्मा गेली.

शेडमध्ये अर्जुना म्हणाला, "बायकांचं काळीजच नाजूक, गड्या. झटका सोसत न्हाई." नऊ मिनिटं ठाऊक असलेले उदयसिंह उठून फाटकाकडं गेले.

दवाखान्याच्या वहीत लिहिलं गेलं: स्त्री, झटका लवकर, तरी मृत्यू. त्या वहीत 'माणसांनी पाठ फिरवली' असा रकाना नाही. अशाच नोंदींवरून उद्याचे अंदाज निघतात, मित्रांनो. पुढच्या बाईला बघून कुणीतरी म्हणेल, बाई आहे, आशा कमीच.

बायकांना शिकवा, हे तर मी सांगतेच. पण हात लावायची लाज वाटलीच, तर निदान मिनिटं तरी खरी सांगा.