पाकळ्यांवरची धूळ

मित्रांनो, मी कापडी गुलाबांचा एक जुना गुच्छ आहे. बसा, पण जरा लांबच बसा. आणि मध्येच गप्प झालो तर रागवू नका, माझ्या जिवाला अलीकडे स्वस्थता नाही.

माझा जन्म कारखान्यातला. खळ घातलेल्या कापडाच्या पाकळ्या कापल्या, तापल्या लोखंडी गोळीने त्यांना बाक दिला आणि तारेवर हिरवी पट्टी गुंडाळली. कारागीर बाई मला उंच धरून म्हणाली, "अगं बघा तरी, काय ऐटीत आहे!" मी काय फुगलो म्हणता!

दुकानातून मला एका आईने घरी आणलं. तिच्या लेकीला, चिमणीला, दमा होता. खऱ्या फुलांनी तिला धाप लागायची, म्हणून त्या घरात फूल येतच नसे. मला पाहून चिमणीने टाळ्या पिटल्या.

"आई, ही फुलं मला त्रास नाही ना देणार?"

"नाही गं राणी." आईने मला तिच्या उशाशी खिडकीत ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, "कोणी हात लावायचा नाही हं, खराब होतील!"

झालं! हात कोणी लावला नाही आणि फडकंही नाही. पाकळीपाकळीत धूळ साचली. पंखा फिरला की ती थेट चिमणीच्या नाकाशी. तिची धाप पुन्हा सुरू झाली. बाबांनी पडदे काढले, उशी बदलली, बिचाऱ्या मांजरीला आत्याकडे धाडलं. मांजरीसाठी रडून पोर आणखीच धापा टाकू लागली. अरे, मांजर नाही, मी! मला तोंड असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

एक दिवस आत्या आली. "वहिनी, गुलाब किती छान गं!" म्हणत तिने मला चक्क नाकाला लावलं आणि शिंकांवर शिंका दिल्या. आई बघतच राहिली.

"अगं बाई! मी मेली घरभर कारण शोधतेय, आणि ही धूळ पोरीच्या उशाशी!"

तिने मला तिथल्या तिथे साबणाच्या पाण्यात बुचकळलं. माझा रंग उतरला, पण चिमणी शांत झोपू लागली. मांजरही परत आली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

पण मित्रांनो, धूळ रोज येते आणि आईच्या मागे कामं फार. आम्ही कोमेजत नाही, म्हणून आमची कोणाला आठवण होत नाही. तुमच्या घरी माझे भाऊबंद असतील, तर त्यांना नुसतं मिरवू नका, धुवत जा. आणि आमच्या आईलाही कोणीतरी सांगा. जरा लवकर सांगा, चिमणी आत्ताच खोकली.