सगुणेचा पापुद्रा

या, श्रोतेजन हो, असे जवळ सरून बसा. टाळ घटकाभर मांडीवर विसावू द्या. शरदातली एक कथा सांगतो, आणि उठताना तुमच्या ओंजळीत एक नाव ठेवतो.

आश्विनातली सुवर्णधूसर सकाळ. टेकडीच्या उतारावर दवभिजले गवत, गवतावर कोवळ्या उन्हाची जर, आणि संशोधन संस्थेच्या दारातल्या बुचाखाली शुभ्र, लांबदेठी फुलांचा सडा. सुगंध असा, की पाऊल आपसूक हलके पडावे.

त्या सड्यावरून डॉक्टर इंदुमती सबनीस कामाच्या अखेरच्या दिवसाला आल्या. मूलपेशींच्या आराधनेत केसांना बुचफुलांचा रंग आला होता. मूलपेशी म्हणजे देहातले बीज. अजून काहीच न झालेले, म्हणून किती काही होऊ शकणारे. बुबुळाच्या काठावरची असली चिमूटभर बीजे इंदुमतींनी काचेच्या थाळीत वाढवली, अंधारलेल्या डोळ्यांवर पेरली, आणि त्या डोळ्यांत पहाट फुटली. तो त्यांचा पहिला शोधनिबंध. पुढे देशोदेशींच्या निबंधांनी त्याचा हवाला दिला, बुवा अभंगाच्या चरणाचा देतात तसा, आदराने आणि वारंवार.

"बाई, दुपारी सत्कार आहे," त्यांचा सहकारी समीरण दातार म्हणाला. "हवाल्यांचा आकडा मीच वाचणार. मध्ये दम लागला तर पाणी द्या."

"शून्यं गाळून वाच. दम पुरेल."

"आणि जुनी शीतपेटी आज रिकामी करतोय. आतलं सगळं संध्याकाळी जाळायला जाईल. तुमच्या अक्षरातली एक नळी आहे, वर नुसतं 'सगुणा'. ही कोण?"

इंदुमतींच्या ओठांवरचे हसू जागीच थिजले.

आणि स्मृतीच्या गाभाऱ्यात एक जुनी सकाळ उजळली. सूतिकागृहाची खिडकी, खिडकीत ऊन, उन्हात पहिलटकरीण सगुणा, टेकडीपलीकडच्या वाडीतली, कुशीत नुकती जन्मलेली लेक.

बीजांना रुजायला मऊ शेज हवी होती. गर्भाला कवटाळून असतो तो जलपारदर्शी पापुद्रा, कांद्याच्या सालीहून तलम, तीच ती शेज. पण देणार कोण? वाडीची रीत अशी, की वार आणि पापुद्रा मातीत पुरायचा, वर दिवा ठेवायचा. मग लेकरू त्या मातीचे होते. दारोदारी नकार. थाळीतली बीजे वाळत चालली, आणि त्यांच्यासोबत एका तरुण बाईचे स्वप्नही.

"पापुद्रा ठेवून घेतला, तर पोर अर्धंच मातीचं हुईल," सगुणेची सासू दारातून म्हणाली.

सगुणा थकली होती, पण तिचे डोळे हसत होते. "आत्याबाई, शेजारणीला विरजण देतोच की आपण." मग इंदुमतींकडे वळून, "न्या बाई. पण उसनं हाय बरं का. उरंल ते मातीत ठिवा. दिवा लावा."

"ठेवीन," इंदुमती म्हणाल्या.

त्या पापुद्र्यावर बीजे रुजली. उरला बोटभर तुकडा. प्रयोग फसला तर लागेल, म्हणून हिमगर्भ शीतपेटीत राहिला. शरद आला, शरद गेला. एक निबंध झाला, दुसरा सुरू झाला. कीर्ती वाढली, वचन गोठून राहिले. एकदा त्या वाडीवर गेल्या, तर वाडी उठलेली. तिथे रस्ता, रस्त्यावर धूळ, आणि सगुणा कुठे गेली ते सांगायला कोणी नाही.

दुपारी समीरणने आकडा वाचला. टाळ्या उठल्या, विरल्या. इंदुमती उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "उसन्यावर उभं राहिलेलं काम आहे हे. मला दिवस मावळायच्या आत एका ठिकाणी जायचंय."

ते ठिकाण पन्नास पावलांवरही नव्हते. बुचाच्या मुळाशी, केशरमावळत्या उजेडात, समीरणला सगुणेची हकीकत सांगत त्यांनी हातांनी माती उकरली. शीतशुभ्र नळीतला पापुद्रा तळहातावर वितळला, पुन्हा मऊ झाला, पुन्हा पारदर्शी. त्यातून त्यांना आपल्याच हाताच्या रेषा दिसल्या. माती सारली. पणती लावली. वाऱ्याने ज्योत लवली, तसे समीरणने सत्काराचे मानपत्र आडोशाला धरले.

"जळेल रे ते."

"जळू द्या. बाई, सगुणेची ती मुलगी आता कुठे असेल?"

"असेल तिथे असू दे. आज ती पुरती मातीची झाली."

निबंधात 'एका मातेच्या संमतीने' एवढेच छापले आहे. दात्याचे नाव छापू नये, हा शास्त्राचा दंडक, आणि तो योग्यच आहे. कीर्तनाला तसा दंडक नाही. म्हणून, माझ्या मायबापांनो, सांजेला दिवा लावाल, आणि ती ज्योत तुमच्या डोळ्यांना दिसेल, तेव्हा क्षणभर सगुणेला आठवा.

पणती तेवत राहिली. आणि तिच्या उजेडात एक फूल सुटले, गिरकी घेत, लांब देठावर तोल सावरत, हळू, अगदी हळू, मातीवर आले.