दोन बोटांनी उंच

मित्रांनो, मी एक जुनी खोली आहे. मला पाया नाही, पण म्हणून कुणी मला बिचारी म्हणू नका. मी ट्रकच्या पाठीवर बसते. एका सुतारानं माझा लाकडी सांगाडा उभा केला, बाहेरून पत्रा ठोकला, आत बाक, खाट आणि पाण्याची टाकी बसवली. छतात झरोका ठेवला. माझा एक कोपरा त्याच्या हातून जरा तिरका झाला आहे, पण मी ते कधी बोलून दाखवलं नाही.

माझी मालकीण डोळे तपासून चष्मे देते. लोक तिला चष्मेबाई म्हणतात. जिथे चष्म्याचं दुकान नाही तिथे आम्ही दोघी जायचो. एका आजोबांनी माझ्या दारात पहिल्यांदा चष्मा लावला, बायकोकडे पाहिलं आणि ही कधी म्हातारी झाली असं विचारलं. आजींनी लगेच स्वतःसाठीही चष्मा मागून घेतला. अशी अठरा वर्षं मजेत गेली.

मग चष्मेबाईचा गुडघा मोडला. ती थोरल्या बहिणीकडे राहायला आली आणि मी अंगणात उघड्यावर उभी राहिले. महिनोन्‌महिने माझं दार कुणी उघडलं नाही. झरोक्याच्या कडेनं पाणी मुरलं, लाकूड फुगलं. बहिणीचे यजमान, म्हणजे भाऊजी, मला पाहून नाक मुरडत. गॅरेजचं दार ठेंगणं, ही आत मावायची नाही, आणखी एक पावसाळा बाहेर राहिली तर कुजेल, त्यापेक्षा भंगारात देऊ, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी भंगारवाल्याला सोमवारी बोलावूनही टाकलं. मला धडकी भरली. चष्मेबाई मात्र हटून बसली. रविवारी हिला आत घालून दाखवते, म्हणाली.

कुबडी टेकत तिनं स्वतः माप घेतलं. झरोक्याचं झाकण काढलं, तर मी गॅरेजच्या दाराच्या तुळईखाली एक बोट राहत होते. काठावर पास! भाऊजी माणूस वाईट नाहीत. रविवारी सकाळी तेच मदतीला धावले. ओझं कमी तर काम सोपं, म्हणून त्यांनी भिंगांच्या पेट्या आणि गाद्या काढल्या, टाकीतलं पाणी सोडून दिलं. चष्मेबाईनंही मान डोलावली. मग त्यांनी ट्रक पुढे घेतला आणि माझं कपाळ तुळईवर आदळलं.

भाऊजी म्हणाले, मी सांगत नव्हतो? चष्मेबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ती चाकाजवळ स्टुलावर बसली आणि चाकाच्या वरची फट मोजू लागली. एकदा मोजली, पुन्हा मोजली.

“भाऊजी, आपण हिला रिकामी केली, म्हणून ही दोन बोटं उंच झाली. ट्रकच्या स्प्रिंगा वर आल्यात. सगळं परत भरा.”

सगळं परत भरलं. तरी चेपलेल्या पत्र्याची कड वर आली होती, ती आड येतच होती. तेव्हा तिनं गल्लीत हाक दिली. तिचे चष्मे लावणारी माणसं शेजारीपाजारी होतीच. शिंपी आला, त्याची आई आली, पोस्टमन आला. अकरा माणसं माझ्या पोटात दाटीवाटीनं बसली. भाऊजींनी ट्रक मुंगीच्या पावलानं पुढे घेतला. चष्मेबाई तुळईवर नजर रोखून उभी होती. मी जीव मुठीत धरून आत गेले, आणि वर साधा ओरखडाही उठला नाही.

माणसं उतरली. सामान काढलं, पाणी सोडलं. मी सावकाश वर आले. भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि डोकं खाजवलं.

“अगं, आता ही बाहेर कशी निघणार?”

“रिकामी नाही निघणार. भंगारवाल्याला तसं कळवा. वरची कड ठोकून बसवली आणि पेट्या, पाणी, गाद्या भरल्या की निघेल, आणि तेव्हा मी तिच्याबरोबर असेन.”

मित्रांनो, जुनी वस्तू घरात मावत नाही असं म्हणण्याआधी एकदा तिच्याजवळ बसा आणि नीट माप घ्या. दोष तिचा आहे की आपल्या घाईचा, ते कळेल.

माझं छत आता कोरडं आहे. चष्मेबाई रोज माझ्या दाराला धरून गुडघा वाकवते. दुखतं, तरी वाकवते. काल ती पहिल्यांदा माझी पायरी चढली आणि नव्या भिंगांची एक पेटी बाकाखाली ठेवून गेली. मी केसभर खाली आले.